गडग्याबाहेर

मिशनच्या दवाखान्यातला तो माणूस दर शनिवारी स्कूटरवरून यायचा आणि आईच्या पायाची जखम धुऊन पट्टी बांधायचा. साखरेमुळे ती भरतच नव्हती. "काकी, आज बरा वाटताय ना?" असं आधी विचारायचा आणि आई काहीतरी बोलेपर्यंत चिमट्याला हात लावायचा नाही. जुनी पट्टी कागदात गुंडाळून स्वतःच्या पिशवीतून परत न्यायचा.

पहिल्याच दिवशी त्याने विचारलं होतं, "झाल्यावर दोन मिनिटं प्रार्थना केली तर चालेल काय?"

"औषधपाणी करा. बाकीचं आमच्या घरात नको," मी म्हटलं.

"बरा तर," म्हणाला. पुन्हा तो विषय काढला नाही. फक्त निघताना अंगणाच्या दगडी गडग्याबाहेर, हेल्मेट काखेत धरून, स्कूटरपाशी उभा राहायचा. ओठ हलताना दिसायचे.

हा आईला बाटवणार, असं मी वाडीभर सांगत होतो. पुरावा हवा म्हणून एकदा मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून गडग्याच्या आत दबून बसलो.

"काकींची जखम भरून येऊ दे, प्रभू," तो हळू बोलत होता. "त्यांच्या मुलाला ती बघवत नाही. त्याला धीर दे."

पट्टी सुटायच्या वेळेलाच मला कलमांना पाणी घालायची आठवण होते, हे कुणाच्या लक्षात आलं नसेल असं मला वाटायचं.

पुढच्या शनिवारी स्कूटरचा आवाज आला, तशी मी बादली उचलली. गडग्यातून आत यायच्या अरुंद वाटेवर, बेड्यातच आम्ही समोरासमोर आलो. त्याने स्कूटर बाजूला घेतली आणि मला वाट दिली.