देवळालीचा स्मिथ

देवळाली प्रवरेत स्मिथ नावाचा एक शेतकरी राहतो, असं सांगितलं तर बाहेरचा माणूस हसेल. हसू द्या. त्याचं खरं नाव बिभीषण. वय सदुसष्ट, तीन एकर ऊस, एकरभर कांदा आणि दोन जर्सी गाई. पण गावात बिभीषणचं घर विचाराल तर लोक डोकं खाजवतील, आणि स्मिथची वस्ती विचाराल तर शाळेतलं पोरसुद्धा बोट करून दाखवील. त्याच्या विहिरीला स्मिथची विहीर म्हणतात. त्याच्या बायकोला, कडूबाईला, बायका तोंडावर कडूबाई म्हणतात आणि तिची पाठ वळली की स्मिथीन. निम्म्या गावाला हे नाव कुठून आलं याचा पत्ता नाही, आणि ज्यांना आहे त्यांनी ते चाळीस वर्षं हसत हसत वापरलं. हे बारसं घातलं गोरक्षनाथनं. ही गोष्ट त्याचीच आहे.

गोरक्षनाथ, म्हणजे गावचा गोरख आणि घरचा आप्पा, याला फुटबॉलचं वेड लागलं नगरला. बारावीला नापास होण्यासाठी तो दोन वर्षं तिथल्या वसतिगृहात राहिला होता. वसतिगृहाशेजारच्या मैदानावर सहादेव सुभेदार नावाचे लष्करातून निवृत्त झालेले गृहस्थ पोरांना फुटबॉल शिकवत. त्यांच्याकडे जुन्या इंग्रजी मासिकांचा एक गठ्ठा होता. सराव संपला की सुभेदार त्यातली चित्रं दाखवून इंग्लंडच्या एफए कपाच्या फायनली सांगायचे. तिथला हा कप कुस्तीच्या खुल्या दंगलीसारखा. त्यात बड्या क्लबानं उतरावं आणि गल्लीतल्यानंही उतरावं, आणि शेवटचे दोघे मे महिन्यात लंडनच्या वेम्बली मैदानावर एकमेकांसमोर उभे राहावेत. गोरखच्या डोक्यात हे जे शिरलं ते पुन्हा निघालं नाही. अकाउंटन्सी मात्र शिरलीच नाही.

गावी परतला तो दोन गोष्टी घेऊन, एक फुटबॉल आणि एक शॉर्टवेव्हचा जुना रेडिओ. एकोणऐंशी सालची फायनल त्यानं पहिल्यांदा कानांनी ऐकली. आर्सेनल दोन गोलांनी पुढे, मॅंचेस्टर युनायटेडनं शेवटच्या चार-पाच मिनिटांत दोन्ही फेडले, आणि लोक हुश्श करतात न करतात तोच सन्डरलंड नावाच्या गड्यानं तिसरा मारून कप आर्सेनलला दिला. गोरखचं इंग्रजी नापासाचंच. त्याला कळायची ती नावं आणि गर्दीचा आवाज. बाकीचं तो स्वतः भरायचा, आणि भरायचा काय सांगू!

दुसऱ्या दिवशी डेअरीच्या कट्ट्यावर दूध घालायला आलेली माणसं कॅन तशीच ठेवून त्याच्याभोवती बसत. तो एकदा सुरू झाला की त्रेपन्न सालचा अडतीस वर्षांचा मॅथ्यूज उजव्या कडेनं पळत निघायचा, आणि एकास तीन असं मागं पडलेलं ब्लॅकपूल चारास तीन जिंकायचं. मग ट्राउटमन यायचा, युद्धकैदी म्हणून इंग्लंडात आलेला जर्मन गोलकीपर, छप्पन सालच्या फायनलीत मान मोडली तरी शेवटपर्यंत गोलात उभा राहिलेला. इथं आला की गोरख स्वतःची मान एका हातानं धरून दुसऱ्या हातानं बॉल अडवून दाखवायचा. त्र्याहत्तरचा गोलकीपर माँटगोमेरी पडल्या पडल्या लागोपाठ दोन बॉल परतवायचा तेव्हा दूध संकलनाचा कारकून फॅट मोजायचा विसरायचा. मी स्वतः त्यात बसलेलो आहे. वेम्बली बघितलेल्या माणसानं असं सांगितलं नसतं.

त्या सगळ्यांत पुढं बसायचा बिभीषण. दोघं एका वर्गातले, दोघांची वावरं पाटाच्या एकाच चारीवर, बांधाला बांध लागून. पाटाचं पाणी आधी गोरखला, मग बिभीषणला. गोरखनं उसात राबणाऱ्या पोरांची टीम उभी केली तेव्हा स्वतः कॅप्टन झाला आणि बिभीषणला पुढं खेळवलं. पळायला वारा, स्वभावानं गरीब. दोघं एका सायकलवर राहुरीला जाऊन बूट घेऊन आले होते आणि महिनाभर ते घालून गावभर हिंडले होते.

त्र्याऐंशीच्या मे महिन्यात फायनल लागली मॅंचेस्टर युनायटेड आणि ब्रायटन यांच्यात. ब्रायटन म्हणजे त्या साली वरच्या फळीतून खाली घसरलेला किरकोळ क्लब. आणि नेमकी त्याच संध्याकाळी गोरखची पाण्याची पाळी आली. पाळी काही वेम्बलीसाठी थांबत नाही. त्यानं बांधावर पोतं घडी करून ठेवलं, त्यावर रेडिओ ठेवला आणि उसाला पाणी भरत ऐकू लागला. दोनास दोन झाले. जादा वेळ सुरू झाला. शेवटचं मिनिट. रॉबिन्सन बॉल घेऊन आत शिरला, त्यानं तो स्मिथला दिला, समोर फक्त गोलकीपर. कॉमेंट्रीवाला ओरडला की आता स्मिथनं गोल करायलाच हवा. आणि त्याच क्षणी गोरखला खळाळ ऐकू आला. उसाकडं पाणी नेणारा दांड फुटला होता आणि ते बिभीषणच्या वावरात चाललं होतं, जिथं काढलेला कांदा पातीसकट वाळत पडला होता.

गोरखनं फावडं उचललं आणि धूम ठोकली. पाठीमागं रेडिओतून लाखभर माणसांचा एकच आवाज उठला तो त्यानं पळता पळता ऐकला. बिभीषणही पलीकडून धावत आला. दोघांनी गुडघाभर चिखलात उभं राहून माती टाकली, दांड बुजवला, कांदा वाचवला.

"स्मिथनं मारला रे!" गोरख ओरडला. "शेवटच्या मिनटाला! ब्रायटन जित्तलं!"

दोघं त्या चिखलात एकमेकांना मिठ्या मारून नाचले. रेडिओपाशी परत आले तेव्हा कोणी बाई बातम्या वाचत होती.

दुधाच्या कट्ट्यावर दुसऱ्या दिवशी जो स्मिथ सांगितला गेला तो मॅथ्यूजहून थोर होता. पेपरात शोधायचं कुणाला सुचलं नाही. महिन्याभरात आपण क्रिकेटचा वर्ल्ड कप जिंकलो आणि पेपरात दुसरं काही उरलंच नाही. गोरखनं तर स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, त्याला शंका कसली?

पुढच्या फेब्रुवारीत नगरला सुभेदारांनी जिल्ह्याची स्पर्धा भरवली. देवळालीची पोरं ऊसतोडीतून वेळ काढून गेली आणि फायनलला पोचली. समोर नगरची टीम, सगळे तयार खेळाडू. एकास एक. वेळ संपत आली असताना गोरखनं मधून बॉल काढला आणि बिभीषणला दिला. सहा पावलांवर गोल. बिभीषणनं मारला तो सरळ गोलकीपरच्या पायावर. लगेच उलटून नगरवाल्यांनी गोल केला आणि कप तिथंच राहिला.

परतीच्या टेम्पोत कुणी बोलत नव्हतं. गोरख बोलला. सगळ्यांदेखत बोलला.

"तिकडं त्या स्मिथला असाच बॉल आल्ता. त्यानं कप आनला. अन् तू सहा पावलांवरनं घालवला. आजपास्नं तुझं नाव स्मिथ!"

टेम्पो हसला. बिभीषणही कसनुसा हसला. मला विचाराल तर माणूस असा हसला की बाकीच्यांनी गप्प व्हावं. कोणी झालं नाही.

नंतर बिभीषण खेळला नाही. गोरख सगळ्यांना सांगायचा, "स्मिथनं बूट टांगले, लई मनाला लावून घेतलं." दोघांचं भांडण असं झालं नाही. चारी एक असल्यावर भांडण परवडत नाही. "सोडलं का पानी?" "व्हय, सोडलं." एवढं बोलणं चाळीस वर्षं चालू राहिलं, आणि एवढंच राहिलं. टीम पुढं चार-पाच वर्षांत मोडली. कोण कारखान्यात लागला, कोण पुण्याला गेला. गोरख मात्र दर मे महिन्यात कट्ट्यावर फायनली सांगत राहिला. कोव्हेंट्रीच्या हाउचननं आडवं झेपावून डोक्यानं मारलेला गोल सांगितला, विम्बल्डनच्या बीझंटनं अडवलेली पेनल्टी सांगितली. पण शेवट नेहमी स्मिथवर व्हायचा. बिभीषण दूध घालून तेवढ्यात निघून गेलेला असायचा.

या मे महिन्यात गोरखची मुलगी ज्योती संगमनेरहून सुट्टीला आली. ती तिथं शाळेत शिकवते. घरात नवा मोठा टीव्ही आला होता. एका दुपारी ती म्हणाली, "आप्पा, तुम्ही आम्हाला लहानपणी सांगायचात ना त्या मॅचेस, त्या सगळ्या यात बघायला मिळतात. बसा."

गोरख सदरा बदलून बसला. ज्योतीनं माँटगोमेरी लावला. तो पडला, उठला, परत झेपावला. गोरखनं सांगितला होता त्याच्याहून कणभर कमी नाही. मग धुरकट चित्रात मॅथ्यूज पळाला, ट्राउटमन मान चोळत उभा राहिला. गोरखच्या डोळ्यांना धार लागली. "बघ, म्हनलो हुतो का न्हाई? बघ!" असं तो बायकोला, दगडाबाईला, पुन्हा पुन्हा म्हणत होता, आणि तीही शेंगा फोडायच्या थांबवून बघत होती.

"आता स्मिथ लाव," तो म्हणाला.

ज्योतीनं लावला. हिरवं मैदान, निळ्या-पांढऱ्या कपड्यातली ब्रायटनची पोरं. रॉबिन्सन आत शिरला. त्यानं बॉल दिला. स्मिथ एकटा, समोर गोलकीपर. गोरख खुर्चीतून अर्धा उठला. स्मिथनं मारला तो गोलकीपरच्या अंगावर आणि गोलकीपरनं बॉलवर झडप घालून तो पोटाशी धरला. लाखभर माणसांचा तोच आवाज उठला, जो त्यानं फावडं घेऊन पळताना ऐकला होता.

"परत लाव," तो म्हणाला. ज्योतीनं परत लावला. चार वेळा लावला. चारही वेळा गोल झाला नाही.

ज्योतीनं फोनमध्ये बघून हळू आवाजात वाचलं. मॅच बरोबरीत सुटली, पाच दिवसांनी पुन्हा खेळवली, त्यात युनायटेडनं चार शून्यानं हरवलं. पहिल्या मॅचमध्ये ब्रायटनचा पहिला गोल याच स्मिथचा होता. लोकांच्या लक्षात मात्र हुकलेलाच राहिला. दगडाबाई म्हणाली, "जाऊ द्या की. इतक्या लांबचं काय एवढं." गोरखला ती ऐकूच आली नाही. त्याला टेम्पो दिसत होता. एखादा माणूस गोष्ट चुकला तर ती सुधारता येते. यानं त्या चुकलेल्या गोष्टीनं दुसऱ्या माणसाला आयुष्यभर मारलं होतं.

तो चपला घालून निघाला तो सरळ बिभीषणच्या वावरात. ऊन कलायला लागलं होतं. बिभीषण पाणी यायच्या आधी फावड्यानं उसाच्या सऱ्या नीट करत होता.

"पानी अजून सोडलं न्हाई वरून," बिभीषण त्याला बघून म्हणाला. दुसऱ्या कशासाठी तो येईल असं त्याच्या मनात आलंच नाही.

"पान्यासाठी न्हाई आलो." गोरख बांधावर उभा राहिला. जन्मभर दुसऱ्यांच्या फायनली रंगवणारा माणूस, आणि त्याला एक वाक्य सापडेना. शेवटी म्हणाला, "बिभीषणा, त्या स्मिथनं मारलाच न्हाई. मी आत्ता टीव्हीवर बघितलं. त्याचा पन गोलकीपरच्या अंगावर गेला. तुझ्यासारखाच. मी कांदा वाचवाय पळालो अन् शेवट ऐकलाच न्हाई. आवाज झाला म्हंजी गोल झाला, असं धरून बसलो."

बिभीषणनं फावडं मातीत रोवलं आणि त्यावर दोन्ही हात ठेवले. तो हसला नाही, चिडलाही नाही.

"मंग पुढं काय झालं त्याचं?" त्यानं विचारलं. "त्या स्मिथचं?"

"पाच दिसांनी परत मॅच झाली. ती हारले."

"अन् हा? बाहेर बसवला आसंल."

"न्हाई," गोरख म्हणाला. ज्योतीनं ती यादीही वाचून दाखवली होती. "त्याला पुन्ना खेळवला."

बिभीषणनं मान हलवली, हळूहळू, दोन-तीनदा.

"मला तर तू परत बोलावलंच न्हाई गोरख," तो म्हणाला. "तू समद्यांला सांगत फिरला की यानं बूट टांगले. मी कुटं टांगले? त्या उन्हाळ्यात रोज सांजंला बूट घालून शाळंच्या भिताडामागं यून बसायचो. पलीकडं तुमी खेळायचा, आवाज यायचा. म्हनायचो, आज एक गडी कमी पडंल अन् गोरख हाक मारील. पाऊस लागूस्तोवर आलो. मंग सोडलं."

गोरख बांधावर बसला. सहा पावलांवरून हुकलेला गोल त्याला जन्मभर आठवत होता, आणि भिंतीच्या पलीकडे बसलेला माणूस एकदाही दिसला नव्हता. "चुकलं रं माझं," एवढंच त्याच्या तोंडून निघालं, आणि अडुसष्ट वर्षांचा तो माणूस कलत्या उन्हात, येणाऱ्या-जाणाऱ्याची लाज न बाळगता रडला.

बिभीषणनं त्याला गप्प हो म्हटलं नाही, आणि झालं गेलं विसर असंही म्हटलं नाही. फावडं तिथंच सोडून तो वर आला, गोरखच्या शेजारी बांधावर बसला आणि पाटाचं पाणी येऊन सरीत शिरलं तरी उठला नाही.