मानेतली चांदी

हे मी आईलाही सांगितलेलं नाही. डायरीत एकदा लिहिलं होतं, पण इंग्रजीत — का, तर साळवी काकांना इंग्रजी वाचता येत नाही. म्हणजे स्वतःच्या डायरीतसुद्धा मी लपूनच लिहिलं. आज मराठीत लिहितेय. शाळा इंग्रजी माध्यमाची, ऱ्हस्व-दीर्घ चुकेल. चुकू दे.

मी जुने टीव्ही जमवते. युरोपातले, लाकडी पेटीचे, चार बारीक पायांवर उभे राहणारे. वसई-विरारमध्ये ते कुठून आले, असं विचारतात लोक. पण आपल्याकडे बोटीवर नोकरी केलेली माणसं काय थोडी आहेत? कोणी हॅम्बुर्गहून आणला, कोणी इटलीहून. माणसं गेली, टीव्ही माळ्यावर गेले. अनोळखी दाराची बेल वाजवताना मला घाम फुटतो, तरी त्यासाठी वाजवते.

दुरुस्ती मला साळवी काकांनी शिकवली. फुलपाड्यात आमच्याच बिल्डिंगच्या तळमजल्यावर राहतात, सगळा जन्म टीव्ही मेकॅनिक म्हणून काढला. त्यांचे हात थरथरायचे. चहा बशीत सांडायचा आणि काकू आतून म्हणायच्या, "कप प्यायला दिलाय, धुवायला नाही." पण सोल्डरिंग आयर्न हातात घेतलं की थरथर थांबायची. टोक टेकल्यावर नाही — टेकायच्या जरा आधी. मी ते कितीदा तरी पाहिलं होतं. म्हणजे मला माहीत होतं.

पिक्चर ट्यूब म्हणजे काचेचं मोठं भांडं, आतून पूर्ण पोकळ, हवासुद्धा नाही. मागे तिची बारीक मान. त्या मानेच्या काचेला आतून चांदीसारखा चकचकीत डाग असतो. कुठून हवा शिरली की तो दुधासारखा पांढरा होतो. मग ट्यूब मेली, आणि तशी दुसरी आता मिळत नाही. काकांना मोतीबिंदू होता. म्हणून काम सुरू करायच्या आधी ते दर वेळी मला विचारायचे, "चांदी आहे का गं?" मी टॉर्च मारून सांगायचे, "आहे." मगच ते हात घालायचे.

नंदाखालच्या मार्था मावशींचा टीव्ही आमच्याकडे आला होता. त्यांच्या नवऱ्याने लग्नानंतरच्या पहिल्या फेरीत जर्मनीहून आणलेला. नवरा जाऊन वर्ष होत आलं होतं. वर्षाच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, सगळं घर जमणार, त्या दिवशी मावशींना तो चालू हवा होता. "चित्र नको गं," म्हणाल्या, "नुसता उजेड पडला तरी बास."

शनिवारी दुपारी आमच्या दुरुस्तीच्या गाळ्यात मी एकटी होते. ट्यूबच्या मानेवर तांब्याच्या तारेचं कडं असतं, योक म्हणतात त्याला. इतक्या वर्षांनी ते चिकटून बसलं होतं. काकांनी बजावलं होतं — हेअर ड्रायरने शेक, पण मी येईपर्यंत पिळू नकोस. मी शेकलं. आणि पिळलं. का? मलाही येतं हे दाखवायला? कोणाला दाखवणार होते? टिक् असा आवाज आला, नख तुटल्यासारखा. कडं हललंसुद्धा नाही. टॉर्च मारली, चांदी होती. काही झालं नाही, असं स्वतःला सांगितलं आणि शटर ओढून घरी आले.

रविवारी सकाळी काकांच्या अर्धा तास आधी पोचले. टॉर्च मारली. डाग पांढरा होता.

अर्धा तास होता माझ्याकडे. मी काय केलं? झाडू मारला. स्क्रू डबीत भरले. पुन्हा टॉर्च मारली. पुन्हा झाडू मारला.

काका आले, चष्मा पुसला, टीव्हीच्या मागे स्टूल ओढून बसले. "चांदी आहे का गं?"

मी टॉर्च घेतली, वाकले, नीट बघितल्यासारखं केलं आणि म्हणाले —

"आहे."

काच तडकली ती चूक होती. ती सांगितली असती तर काका दोन दिवस बोलले नसते, बस. पण हा शब्द चूक नव्हता. आता ते हात घालणार, त्यांचा हात कापतो आणि हे सगळ्यांना माहीत आहे — एवढा सगळा विचार मी त्या वेळी केला का? केला. घाबरल्यावर माणसाला काही सुचत नाही म्हणतात. मला सगळं सुचलं.

त्यांनी शेक देत, थांबत थांबत कडं फिरवलं. अलगद निघालं. मग भिंग लावून मान पाहिली. बराच वेळ पाहिली. "पांढरं झालं," म्हणाले. भिंग खाली ठेवलं आणि स्वतःच्या हाताकडे बघितलं. "माझ्या हातून गेली."

तेव्हाही बोलता आलं असतं. मी त्यांना पाणी दिलं.

नंदाखालला स्वतः जाऊन सांगायचं, हा त्यांचाच हट्ट. माझ्याच स्कूटरवरून गेलो. मार्था मावशींनी ऐकून घेतलं, टीव्हीच्या रिकाम्या जागेकडे एकदा बघितलं. "हे असते तर तुम्हाला दोन शिव्या घातल्या असत्या, साळवी," म्हणाल्या. "मला तेवढ्या येत नाहीत. चहा घ्या." निघताना वाडीतली केळी दिली. काकांचे हात खिशात होते, ते त्यांनी बाहेर काढलेच नाहीत. केळी मी घेतली.

त्यानंतर त्यांनी काम सोडलं. बिस्किटाच्या डब्यातली हत्यारं मला दिली. "तुझा हात स्थिर आहे, तू कर." आता घरातला बल्बसुद्धा वॉचमनकडून बदलून घेतात. कप दोन्ही हातांनी धरतात, आणि पिताना नजर त्या हातांवर असते, जणू ते दुसऱ्या कोणाचे आहेत. माझ्या कामाचे व्हिडिओ बघून लोक माझ्या हातांची तारीफ करतात. मी रोज सकाळी गाळा उघडला की आधी टॉर्च घेऊन एकेका ट्यूबची मान बघते. सगळीकडे चांदी असते. तरी पुन्हा बघते.

मागच्या वर्षी काकांचा मोतीबिंदू काढला. आता पेपर वाचतात, जाहिरातींसकट. हे छापून आलं तर हेही वाचतील.

काका, तुम्ही आलात तेव्हा ती पांढरीच होती. तुमचा हात त्या दिवशी एकदाही कापला नाही. मी बघत होते.