भाता मार, अजून लाल नाही

लोकांना किस्से गोळा करावे लागतात. डहाणू रोडच्या आमच्या भट्टीवर ते आपणहून परत यायचे, दोन तुकड्यांत, फडक्यात गुंडाळून!

भट्टी गोविंदमामांची. सातवीत शाळा सुटल्यापासून भात्यावर मी. लिलावातल्या मिलिटरी ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यांपासून आम्ही विळे, सुऱ्या घडवायचो. मामांनीच शिकवलेलं, "पोलाद लाल असताना ठोकायचं. पिवळं होऊ दिलं की आतला दाणा फुगतो, मग ते काचेसारखं तुटतं."

पुढे मामांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. मला पोलाद पिवळं दिसायचं आणि मामा म्हणायचे, "भाता मार, अजून लाल नाही!"

मी मारायचो. त्यांना उलट बोलायला माझी जीभच वळत नसे.

*

चिंचणीची एक मावशी मोडकी सुरी घेऊन आली. "मामा, मासा मेलेला होता, तुमची सुरी त्याच्याआधी मेली!"

मामा म्हणाले, "घोळीचं हाड जाड असतं, बाई."

"घोळ कुठली? बोंबील होता!"

*

माझे जुने गुरुजी तुटका कोयता घेऊन आले. तुटल्या जागी जाडे दाणे चमकत होते. ते बघून म्हणाले, "शाळा सोडून साखर कारखाना काढलास होय रे?"

मी भात्याआड तोंड लपवलं.

*

मामांनी दोष पाण्याला दिला. मी सायकलवरून आशागडच्या विहिरीचं पाणी आणलं. तापलेला विळा त्यात बुडवताच टण्कन तडकला.

मामा खूश! "बघ, पाणी किती कडक आहे!"

*

गिऱ्हाईकं येईनाशी झाली. शेवटी मुंबईच्या तबेल्यांना गवत पाठवणारे एक शेठ आले. तलासरीच्या कापणीसाठी चाळीस विळे हवे होते. म्हणाले, "आधी एक नमुना. तुटला तर राम राम!"

हे काम गेलं असतं तर भट्टी विझलीच असती. मामांनी नमुना घडवला, पिवळाधमक तापवून. मग हळूच म्हणाले, "हा तुटला तर माझे डोळे गेले समजायचं. सांडशी तुझ्या हातात."

ते जेवायला गेले. मी तसाच दुसरा घडवला, लालीवरच ठोकून, आणि गुपचूप बदलून ठेवला.

शेठनी तो दगडावर तीनदा आपटला. काही झालं नाही. "वाह, मामा! बाकीचे बनवा. पण एक जरी तुटला, तरी सगळे परत!"

शेठ गेले. मामांनी सांडशी उचलली. "डोळे गेले म्हणे! सगळे मीच तापवणार."

पहिली पट्टी भट्टीत गेली. लाल झाली. पिवळी झाली. ठिणग्या उडू लागल्या.

"थांबलास का रे? भाता मार, अजून लाल नाही!"