वाळलेला पंप

सायराबानू कुलरच्या पंपात रेझिन ओतते. होटगी रस्त्यावर गुरुबसप्पांचा छोटा कारखाना आहे, तिथं. तारेचं वेटोळं डब्यात बसवायचं, वरून रेझिन ओतायचं, दगडासारखं घट्ट झालं की पंप तयार. तिचा हात फार साफ. शेजारीण म्हणून नाही, खरं आहे म्हणून सांगते.

गेल्या उन्हाळ्यात तिचा नवरा अतीक कुलरमध्ये पाणी भरताना कोसळला. पंप तिनंच ओतलेला, तिनंच घरी आणलेला. सासरे इलाहीबक्ष सगळ्यांना म्हणाले, "हार्ट होतं." पुढं कुलर उन्हात पडून राहिला. काही दिवसांनी कारखान्यात पंप तपासला, तर करंटचा मागमूस नाही. झालं! गल्लीनं देवाची मर्जी म्हणून हात झटकले. फुकटचं समाधान वाटणाऱ्यांचा मला संताप येतो.

सायराबानू रडली नाही. कामाला जायची, भाकरी थापायची, स्वतः जेवायचं विसरायची. तिला काही वाटतच नव्हतं.

एक दिवस तिनं गुरुबसप्पांना विचारलं, "शेठ, पंप वाळल्यावर तपासला की आपण. आमच्यात तर तो सगळा उन्हाळा पाण्यात होता."

"घट्ट रेझिनात पाणी कुटनं शिरतंय, बाई?"

तिनं तोच पंप बादलीत बुडवला आणि बरेच दिवस तसाच ठेवला. मग काढून कोरडा पुसला, वायरी पुसल्या, वीज गळते का ते दाखवणारा मेगर लावला. काटा घसरत शून्यापाशी गेला, म्हणजे वीज अडतच नव्हती. घट्ट रेझिनही हळूहळू पाणी पितं, आणि प्यालं की वीज अडवत नाही. उन्हात वाळलं की पुन्हा साळसूद. गुरुबसप्पांनी स्वतः पुन्हा मेगर लावून पाहिला, काटा तिथंच.

आमची भिंत एकच, म्हणून पुढचं मला ऐकू आलं.

"अब्बा, हार्ट नव्हतं. माझ्या पंपानं गेले ते."

"म्हाईत हाय, बेटी. मयताला आंघोळ मीच घातली की. बोटावर करंटचा काळा डाग होता."

"मग हार्ट का म्हणालात?"

"पोरगा गेलाच होता. सून तरी राहू दे म्हटलं."

मी चहा घेऊन गेले, तेव्हा दोघं शेजारी शेजारी बसले होते. तिला रडू यायला हवं होतं, आलं नाही. म्हाताऱ्यानंच तिच्या हातात कप दिला, आणि तिनं तो थंड होईपर्यंत तसाच धरून ठेवला.