दुसरी हाक

स्कॅन सेंटरबाहेरच्या बाकावर दर सहा महिन्यांनी तीच माणसं भेटत राहिली, की किस्से साठतात. लोककथांचा अभ्यास हाच व्यवसाय असल्यामुळे मी ते पाठभेदांसह जपतो. भोपाळच्या आमच्या बाकावरची मुख्य कथा दुसऱ्या हाकेची. स्कॅन आटोपून रुग्ण बाहेर येतो, आणि तंत्रज्ञ दार उघडून त्याचं नाव पुन्हा पुकारतो. इथवर सर्व पाठ सारखे. पुढे फाटे फुटतात.

पिपलानी वस्तीतला पाठ विनोदी. निवृत्त फोरमन जोशीकाकांना दुसरी हाक आली, तेव्हा काकूंनी घाबरून माझंच मनगट धरलं. काका मिनिटभरात परतले. “अगं, चष्मा आत राहिला होता! मी आलोय ना बाहेर!”

कोटरा सुल्तानाबादचा पाठ सरवटेबाईंचा. पेट (PET) स्कॅनच्या इंजेक्शननंतर तासभर गप्प बसायचं असतं. बोललं, तर सुजलेल्या रक्तवाहिन्यांसारखे गळ्याचे स्नायूही चित्रात उजळतात. बाई शेजारणीशी तासभर बोलल्या. दुसरी हाक! “मैडम, पूरा गला चमक रहा है!”

सरवटे सर शांतपणे म्हणाले, “भैया, तीस साल से चमक रहा है!”

गोविंदपुऱ्यातल्या नितीन फिटरचा पाठ एका ओळीचा. “दोबारा बुलाया, और एक फोटो लिया, पंधरा दिवसांनी गोळ्या डबल.” हा पाठ बाकावर कुणी पुन्हा सांगत नाही.

माझ्या पत्नीच्या, सुनंदाच्या महाधमनीला सूज आहे. डॉक्टरांनी यंदा सांगितलं होतं, “चित्र शांत आलं तर स्टेरॉइड बंद करू. नाहीतर पुन्हा पहिल्यापासून.”

त्या सकाळी नव्या नर्सला तिच्या डाव्या मनगटात नाडी सापडेना. मुलगी पांढरीफटक! सुनंदा म्हणाली, “बेटा, बाईं वाली तीन साल से छुट्टी पर है. दाईं से पूछो!”

स्कॅन झाला. सुनंदा बाहेर आली. सांभाळायला दिलेलं मंगळसूत्र मी तिच्या हातात ठेवलं, तिनं ते गळ्यात घातलं. “चला, आधी चहा. कालपासून उपाशी आहे.”

आम्ही उठलो, आणि दार उघडलं.

“सुनंदा जी!”

मी तिच्याकडे पाहिलं. चष्मा नाकावरच होता.

“इंजेक्शननंतर बोललीस का कुणाशी?”

“एक अक्षर नाही हो.”

तिनं मंगळसूत्र पुन्हा काढलं, माझ्या तळहातावर ठेवलं, आणि ती आत गेली.