मास्तरांची चाळणी

"आधी चाळा, मग मळा," मास्तर म्हणायचे. दिवसातून दहा वेळा.

शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं. दवाखान्यांसाठी प्रोग्राम लिहिणाऱ्या एका कचेरीत ते नोकरीला होते. कुणाचं काम चुकलं की माघारी पाठवायचे, म्हणून मास्तर.

नऊ वर्षांपूर्वी त्यांनी ही चाळणी बांधली. कुणी कोडमध्ये बदल केला, की तो सगळ्यांच्या सामायिक साठ्यात जाण्याआधी चाळणी तो आपोआप तपासायची. खडा सापडला की पडद्यावर लाल ओळ, आणि बदल परत. आधी अर्ध्या मिनिटात व्हायचं. नवी चूक दिसली की मास्तर भोकं आणखी बारीक करायचे. होता होता बारा मिनिटं लागू लागली.

"मास्तर, तुमच्या चाळणीपायी माझे केस पिकले हो," कचेरीत नुकतीच लागलेली नवी मुलगी म्हणायची.

"माझे गळले. तुझे निदान आहेत तरी."

चाळणी चुकवायला एक आडवाट होती. तिला कुलूप नव्हतं, फक्त रीत होती: जो आडवाटेने जाईल त्याने भिंतीवरच्या कागदावर आपलं नाव लिहायचं. कागदावर सगळ्यांची नावं होती, नव्या मुलीचं तर चारदा. मास्तरांचं एकदाही नाही.

माणूस एका दिवसात दमत नाही. विहिरीच्या काठावर दोर घासावा तसा झिजत जातो. मास्तरांच्या घरी थोरला भाऊ होता, शेगडी पेटवून विसरणारा. शेजारीण त्याच्यापाशी सहापर्यंतच बसायची. शुक्रवारी पावणेसहा झाले होते आणि बदल एका ओळीचा होता. मास्तरांनी तो आडवाटेने आत सोडला आणि कागदाकडे न बघता घर गाठलं.

सोमवारी दवाखान्यांच्या पडद्यांवरून औषधांच्या वेळा गायब झाल्या. तासभर नर्सबाईंनी हाताने लिहून निभावलं. कुणाला इजा झाली नाही, एवढं नशीब. बदल मास्तरांचा होता हे नोंदीत दिसलं. आडवाट नोंदीत दिसत नव्हती.

"चूक कुणाचीही होते, मास्तर," कचेरीच्या मुख्य बाई म्हणाल्या. "पण खडा तुमच्या चाळणीतूनच गेला ना? मग रोज बारा मिनिटं कशाला ताटकळायचं? आजच काढून टाकू."

गप्प बसले असते तर नाव राहिलं असतं, चाळणी गेली असती.

मास्तर गुडघ्यावर हात टेकून उठले. कागदावर शुक्रवारची तारीख घातली, पुढे नाव लिहिलं.

"तिने काही सोडलं नाही, बाई. मीच तिला विचारलं नाही."

"तुम्ही?"

"दमलो होतो. आणि दमलेल्या माणसासाठीच तर बांधली होती."

बाईंनी कागदावरची तारीख वाचली. "राहू दे मग. पण बारा मिनिटं फार होतात हो."

"होतात. उद्या बघतो. आज लवकर निघू का? शेजारीण आज लवकर जाणार, भाऊ एकटा पडेल."

बाईंनी मान डोलावली. मास्तरांनी पिशवी खांद्याला अडकवली.

नव्या मुलीच्या पडद्यावर चाळणी चालू होती, अजून आठ मिनिटं बाकी होती. तेवढा वेळ ती खिडकीतून त्यांच्याकडे बघत राहिली. पडद्यावर हिरवी ओळ उमटली, तेव्हा मास्तर कुठे रस्त्याच्या वळणापाशी पोहोचत होते.