बुटावरून गेलेली रांगोळी

ओल्या गेरूचा वास आला की माझी नजर आधी स्वतःच्या बुटांकडे जाते. काही वर्षांपूर्वी जानेफळकडच्या एका शाळेत, गेरूने सारवलेल्या व्हरांड्यात, पहिली-दुसरीच्या शिक्षकांना मी सांगत होतो की संगणक नसतानाही मुलांना संगणकासारखा पायरीपायरीने विचार शिकवता येतो. सगळ्यांचे कान दुपारच्या बसकडे होते. त्याआधी पटवलं नाही, तर माझं दुकान तिथंच बंद. म्हणून रांगोळीच्या चौकोनाच्या पायऱ्या फळ्यावर लिहून मी निवृत्तीला आलेल्या एका बाईंना म्हणालो, "तुम्ही मशीन. लिहिलंय तेवढंच करायचं, डोकं चालवायचं नाही." बाईंनी रेघ ओढायला घेतली, ती ठिपका ओलांडून थेट माझ्या बुटावर चढली. (बूट न काढता बसलेला मी एकटाच.) "अहो बाई, थांबा!" "काऊन थांबू सर? थांब म्हून लिवलंच नाही तुमी. मशीनले डोकं नसते, तुमीच म्हनले ना!" व्हरांडाभर हशा. मग बाईंनीच चार ठिपक्यांवर दाणे ठेवून सांगितलं, "मुंगी निंगाली, दान्यापाशी थांबली, उजवीकडे वळली. असं चार खेपा. पोट्टे गोष्टबी सांगतीन अन् चौकोनबी काढतीन." काढून पाहिलं, खरंच जमलं. "अन् दाने सहा ठेवले तं काय निंघन?" कुणीतरी विचारलं, आणि सगळे रांगोळीभोवती उकिडवे बसले. बस हॉर्न देऊन निघून गेली, कुणी उठलं नाही. आजही दर वर्गात मी 'थांब' लिहायला विसरतो. फक्त आता मुद्दाम विसरलो असं सांगतो, आणि बूट आधीच बाहेर काढून येतो.